लायनेलच्या खोक्यावरून साल कसे ओळखावे आणि ते खोके कसे जपावे

जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांपैकी लायनेलच्या गाड्या पत्र्याच्या, ओतीव धातूच्या किंवा टणक प्लास्टिकच्या असल्यामुळे सत्तर वर्षांनंतरही रुळावर धावतात. त्यांचे पुठ्ठ्याचे खोके मात्र बहुतेक घरांत पहिल्याच नाताळात फाटून केरात गेले. त्यामुळे टिकून राहिलेल्या खोक्याला संग्राहकांच्या बाजारात वेगळी किंमत येते, आणि किंमत आली की फसवणूकही येते. खोके वाचता येणे म्हणूनच उपयोगाचे आहे. मात्र खोके फक्त स्वतःचे वय सांगते, आतल्या गाडीचे नव्हे, हे प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवावे लागते.

पाहणीची सुरुवात खोक्याच्या टोकाकडच्या फ्लॅपपासून करावी. जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या या कंपनीचा माल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या वर्षांत मुख्यतः गल्ल्यामागच्या विक्रेत्याच्या हातून विकला जात असे. फळीवर खोक्यांची थप्पी असे, ग्राहकाच्या बाजूला फक्त टोक दिसे आणि विक्रेता त्यावरचा क्रमांक वाचून हवे ते खोके खाली काढी. त्या काळच्या नारिंगी-निळ्या खोक्यांवर गाडीचे चित्र नसते आणि क्रमांक मात्र टोकाला ठसठशीत छापलेला असतो, याचे कारण हेच. हा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे सर्वांत आधी पाहावे. जुळत नसेल तर पुढचा तपास केवळ खोक्यापुरता उरतो.

त्यानंतर खोक्याच्या बाजूंवरचा मजकूर भिंगाखाली वाचावा. युद्धामुळे १९४२ मध्ये थांबलेले गाड्यांचे उत्पादन १९४५ च्या नाताळासाठी पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून १९४७ पर्यंतच्या खोक्यांवर कंपनीचे नाव भल्या मोठ्या निळ्या अक्षरांत येते. संग्राहक या धाटणीला ‘आर्ट डेको’ म्हणतात. १९४८ पासून अक्षरे आटोपशीर झाली आणि खोक्यावर न्यूयॉर्क, शिकागो व सॅन फ्रान्सिस्को ही तीन शहरांची नावे आली. १९४९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को गळले आणि दोनच शहरे उरली. हीच आवृत्ती साधारण १९५५ पर्यंत चालली. १९५६ पासून शहरांची नावे पूर्णपणे गेली. नवख्या माणसाने एवढी एकच खूण पाठ केली तरी निम्मे काम होते: तीन शहरे, दोन शहरे, एकही नाही. दोन शहरांच्या काळातच एक छोटा पण खात्रीचा अपवाद सापडतो. कोरियातील युद्धाच्या दिवसांत अमेरिकी सरकारने किमतींवर नियंत्रण आणले होते, म्हणून १९५२ च्या काही खोक्यांवर ‘ओपीएस’ (किमती स्थिर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) ही अक्षरे आणि किंमत छापलेली आढळते. असे खोके हाती आले तर सालाबद्दल वाद घालायचे कारणच राहत नाही.

१९५९ नंतरचे बदल लांबूनही ओळखू येतात, कारण ते विक्रीची पद्धत बदलल्यामुळे झाले. ग्राहक स्वतःच्या हाताने फळीवरून वस्तू उचलू लागला की खोक्यालाच बोलावे लागते. म्हणून आधी समोरच्या बाजूला बारीक भोकांची ओळ पाडून तो भाग फाडून काढता येईल असे खोके आले, १९६१ च्या आसपास त्यावर गाडीचे चित्र आले आणि १९६६ मध्ये पारदर्शक सेलोफेनची खिडकी आली. दशकाच्या अखेरीस चौकड्यांची नक्षी दिसते. या काळातले पुठ्ठे पातळ आणि ठिसूळ आहेत. मला स्वतःला ते फारसे आवडत नाहीत, पण खिडकीचे सेलोफेन न फाटता राहिलेले खोके क्वचितच मिळते, हेही खरे.

आता गाडी आणि खोके एकमेकांशी पडताळावे. उदाहरणार्थ, ६४६४ मालिकेतले बंद मालडबे १९५३ मध्ये सुरू झाले आणि त्यातला वेस्टर्न पॅसिफिकचा रुपेरी डबा, क्रमांक ६४६४-१, कंपनीच्या १९५३ व १९५४ या दोन वर्षांच्या यादीत होता. त्याचे खोके दोन शहरांचेच असायला हवे. तो शहरांची नावे नसलेल्या खोक्यात मिळाला तर ती जोडी नंतर कोणीतरी लावली, असे समजावे; आणि ६४६४ चा कोणताही डबा तीन शहरांच्या खोक्यात दिसला तर विक्रेत्याला शांतपणे नमस्कार करून पुढे जावे. मात्र छापील क्रमांकावर रबरी शिक्क्याने दुसरा क्रमांक मारलेला दिसला म्हणून लगेच खोटेपणाचा आरोप करू नये. शिल्लक खोके वाया जाऊ नयेत म्हणून कारखानाच अनेकदा असे शिक्के मारत असे.

नकली खोक्यांसाठी पुठ्ठ्याची आतली बाजू पाहावी. जुन्या पुठ्ठ्याचा आतला थर करडा, खरबरीत आणि कडांपाशी तपकिरी झालेला असतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरल्यास आजचा पांढरा कागद निळसर झळकतो, कारण कागद उजळ करणारी रसायने १९५० नंतरच सर्रास वापरात आली. तीन शहरांचे खोके असे झळकले तर ते संशयास्पद मानावे.

ब्रिटिश गाड्या जमवणाऱ्यांसाठी ढोबळ नियम सोपा आहे. १९३८ मध्ये आलेल्या हॉर्नबी डब्लोच्या तीन रुळांच्या गाड्यांचे खोके निळ्या छटांचे, तर १९५९ पासूनच्या दोन रुळांच्या गाड्यांचे लाल छटांचे असतात. १९६४ मध्ये हॉर्नबीची मालक मेकॅनो कंपनी ट्राय-अँग या दुसऱ्या ब्रिटिश खेळण्यांच्या नावाच्या मालकांनी घेतली, त्यामुळे पुढच्या खोक्यांवर दोन्ही नावे जोडून येतात.

राहिला जपणुकीचा भाग, आणि खरे नुकसान इथेच होते. जुन्या खोक्याला सेलोटेप कधीही लावू नये. काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा होऊन पुठ्ठ्यात मुरतो आणि पट्टी ओढली की छपाईचा थर तिच्याबरोबर निघून येतो. आधीच्या मालकाने लावलेली पट्टी असेल तर ती तशीच राहू द्यावी. फाटलेला फ्लॅप आतल्या बाजूने पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून जोडावा, वर बटरपेपर ठेवून हलके वजन द्यावे आणि रात्रभर वाळू द्यावे. रबरबँडही नको, तो कडा कापतो आणि वितळून चिकटतो.

नंतरच्या काळातल्या गाड्यांबरोबर आलेला मऊ फोम पुठ्ठ्याहूनही घातक ठरतो. दमट हवेत तो हळूहळू विघटित होऊन चिकट होतो. माझ्या एका इंजिनाच्या छतावर तो असा बसला की साफ करताना रंगही गेला आणि खाली राखाडी प्लास्टिक उघडे पडले. फोम दाबून पाहावा. तो परत फुगत नसेल किंवा बोटाला भुगा लागत असेल तर काढून वेगळा ठेवावा आणि गाडी आम्लरहित पातळ कागदात गुंडाळावी. थर्मोकोलचे साचे चालतात, पण प्लास्टिकच्या गाडीचा त्यांच्याशी थेट स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये कागद घालावा.

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याने खोके माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नयेत, कारण पावसाळ्यात तिथे बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. आतल्या कपाटात, जमिनीपासून वर, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत आणि त्या पुड्या जून ते सप्टेंबर दर महिन्याला बदलाव्यात. डांबरगोळ्या टाळाव्यात, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडते. शेवटी प्रत्येक खोक्यात पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवावी: गाडी कुठून आली, खोके कुठून आले, आणि दोन्ही एकत्र मिळाले की नंतर जुळवले.