प्राथमिक वर्गाचे निरीक्षण आणि मदतनिसाचे काम: छात्राध्यापकांसाठी मार्गदर्शन

डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविका अभ्यासक्रमासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीनुसार किमान 20 आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष काम करत शिकण्याचा काळ, पूर्ण करावी लागते आणि तिचा सुरुवातीचा काळ वर्गनिरीक्षणासाठी असतो. या काळात बहुतेक छात्राध्यापक, म्हणजे हा अभ्यासक्रम करणारे विद्यार्थी, शिक्षकांचा पाठ तपासत बसतात. प्रस्तावना झाली का, फलकलेखन सुवाच्य होते का, शैक्षणिक साहित्य वापरले का, अशा रकान्यांत बरोबरच्या खुणा करून फाइल भरते. ते तक्ते महाविद्यालयाला द्यावेच लागतात, म्हणून ते भरावेत; मात्र शिकवायला शिकायचे असेल तर नजर फळ्यावर न ठेवता फळ्याकडे पाहणाऱ्या मुलांवर ठेवावी. सांगितलेले मुलाच्या वहीत कोणत्या रूपात उतरले, हे पाहणे म्हणजे खरे निरीक्षण होय.

शाळेत गेल्यावर मुख्याध्यापकांना पत्र देऊन लगेच वर्गशिक्षकांची भेट घ्यावी आणि बसायचे कोठे, मुलांशी बोलायचे केव्हा, वह्या हाताळल्या तर चालतील का, हे आधीच विचारून घ्यावे. परिपाठ सुरू होण्यापूर्वी पोहोचणे इष्ट, कारण राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार आणि दिनविशेष या क्रमात कोणते मूल पुढे येते आणि कोणते रांगेच्या शेवटी लपते, हे तेथेच दिसते. वर्गात मागच्या कोपऱ्यात बसण्याचा प्रघात आहे, पण तेथून मुलांच्या केवळ पाठी दिसतात. शिक्षकांची हरकत नसेल तर बाजूच्या भिंतीलगत, मुलांच्या रांगेत सतरंजीवरच बसावे. तेथून चेहरे आणि वह्या दोन्ही दिसतात.

हजेरीपट पाहण्याची परवानगी मिळाली तर तो अवश्य पाहावा. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला गेले की काही नावांपुढे सलग महिने गैरहजेरी दिसते. अशा मुलाला मार्चमध्ये बेरीज येत नसेल तर त्याचे कारण गणितात शोधू नये. नंदुरबारकडच्या वर्गात घरी भिली किंवा पावरी बोलणारे मूल गप्प बसले, तर त्याला उत्तर येत नाही असे लगेच लिहून मोकळे होऊ नये.

नोंदवहीत मत आणि घटना वेगळ्या ठेवाव्यात. ‘मुलगा कच्चा आहे’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण तिच्यावरून उद्या काय करायचे ते ठरत नाही. एक उदाहरण घेऊ. तिसरीतील एका मुलाने 52 वजा 37 याचे उत्तर 25 लिहिले आहे. घाईने तपासणारा त्यावर फुली मारून पुढे जाईल. पण त्या मुलाने 7 मधून 2 वजा केले, 5 मधून 3 वजा केले आणि दोन्ही वेळा मोठ्यातून लहान काढायचे हा स्वतःचा नियम काटेकोरपणे पाळला. हातच्याच्या इतर उदाहरणांतही तो हेच करत असेल, तर ती चूक निष्काळजीपणाची नव्हे, तिच्यामागे एक पद्धत आहे. ‘52 – 37 = 25; एककात 7 – 2 केले; 64 – 28 मध्येही तसेच, उत्तर 44’ अशी नोंद केली, तर दुसऱ्या दिवशी दशकाचे दांडे आणि सुटे घेऊन त्याच्याजवळ बसता येते. त्याला 52 मांडायला सांगावे आणि त्यातून 37 काढून द्यायला सांगावे. दोनच सुटे आहेत, सात कोठून द्यायचे, या अडचणीपाशी तो स्वतः थांबतो. एक दशक सोडवून दहा सुटे करावेत हे त्याच्याच तोंडून येईपर्यंत वाट पाहावी. ही वाट पाहणे नवख्या माणसाला फार जड जाते.

वाचनाच्या बाबतीतही वरवरच्या नजरेने फसगत होते. पहिली-दुसरीतील काही मुले अख्खा पाठ खडाखडा म्हणून दाखवतात, पण बोट मात्र भलत्याच ओळीवर असते. अशा वेळी परिच्छेदातील मधलाच एखादा शब्द दाखवून तो वाचायला सांगावा, म्हणजे पाठांतर आणि वाचन यांतील फरक कळतो. एकोणसाठ ऐकून 69 लिहिणारी मुलेही प्रत्येक वर्गात भेटतात. त्यांची वेगळी नोंद ठेवावी.

मदत करताना काही पथ्ये पाळावी लागतात. मुलाच्या हातातील पेन्सिल घेऊ नये. आपण लिहून दिलेले उत्तर हे आपले उत्तर असते. उभे राहून वाकून बोलण्याऐवजी शेजारी बसावे आणि ‘हे कसं केलंस, मला सांग बरं’ असे विचारावे, तेही उत्तर बरोबर असताना आणि चुकलेले असताना सारख्याच स्वरात. नाहीतर प्रश्न आला म्हणजे चुकले, हे मुले दोन दिवसांत ओळखतात आणि खोडरबर हाती घेतात. बाई किंवा गुरुजी शिकवत असताना मध्येच दुरुस्ती करू नये. त्यांच्याकडून फळ्यावर चूक झाली तर मधल्या सुट्टीत, एकट्यात सांगावी. शिस्तीसाठी हात उगारणे किंवा अपमान करणे शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने निषिद्ध आहे आणि तो नियम छात्राध्यापकालाही लागू आहे, हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत उपयोगी मदत द्विशिक्षकी शाळेत होते. याच कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुले असतील तर दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता येतात. तिसरीचा पाठ चालू असताना पहिलीची मुले ‘बाई, झालं’ म्हणत दर पाच मिनिटांनी पाटी दाखवायला येतात. त्या मुलांना व्हरांड्यात घेऊन मणिमाळेवर मोजणी घेणे किंवा चित्रावर गप्पा मारणे, एवढ्यानेही वर्गशिक्षकांना सलग अर्धा तास मिळतो. पोषण आहाराच्या वेळी पंगतीत वाढायला जावे. वर्गात अवाक्षर न काढणारी मुले तेथे भरभरून बोलतात, आणि त्यांच्या भाषेचा अंदाज घेण्यास याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मुलांची छायाचित्रे काढून व्हॉट्सअॅपवर ठेवण्याचा मोह टाळावा. महाविद्यालयात जमा करायच्या फाइलमध्ये पूर्ण नावांऐवजी आद्याक्षरे लिहावीत. आठवड्याच्या अखेरीस, सोयीची वेळ विचारून, वर्गशिक्षकांसमोर नोंदवही उघडावी आणि आपले निष्कर्ष सांगण्याआधी दोन-तीन मुलांविषयी त्यांना काय वाटते ते विचारावे. बऱ्याचदा आपण आठवडाभर पाहून टिपलेल्या गोष्टीचे कारण त्यांना वर्षभरापासून ठाऊक असते. क्वचित एखादी नोंद त्यांनाही नवी असते, ती त्यांना आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकत असतानाच चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदींसाठी उतरवून द्यावी.