ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार कराराची बातमी कशी वाचावी

भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं ६ मे २०२५ रोजी जाहीर झालं. ब्रिटनमधल्या बातम्या वाचताना मात्र करार एक की दोन, असा प्रश्न पडावा. कुठे व्हिस्की आणि मोटारींच्या निर्यातीचं कौतुक, तर कुठे भारतीय नोकरदारांना दिलेल्या सवलतीवर संताप. यातली माहिती बहुतेकदा खरीच असते. कल दिसतो तो काय आधी सांगितलं, काय खाली ढकललं आणि काय गाळलं यात. तो ओळखायला एक पेन्सिल पुरते.

आधी वृत्तपत्राची जुनी भूमिका आठवा. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं का, म्हणजेच ब्रेक्झिट व्हावं का, यावरच्या २०१६च्या सार्वमतात डेली मेल, सन, टेलिग्राफ, एक्स्प्रेस ब्रेक्झिटच्या बाजूने होते; गार्डियन, मिरर, फायनान्शियल टाइम्स विरोधात. पण त्यावरच निकाल देऊ नका. तेव्हा टाइम्स विरोधात होता आणि त्याच घरातला संडे टाइम्स बाजूने!

मग आकड्याखाली रेघ मारा. या करारामुळे ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत दीर्घकाळात दरवर्षी ४.८ अब्ज पौंडांची भर पडेल, असा ब्रिटिश सरकारचा अंदाज. हीच भर ब्रिटनच्या जीडीपीच्या ०.१३ टक्के आहे. दोन्ही आकडे खरे, पण पहिला वाचून छाती फुगते आणि दुसरा वाचून खांदे पडतात. बातमीत एकच दिला असेल तर दुसरा स्वतः शोधा. मुदतही बघा. स्कॉच व्हिस्कीवरचं भारतातलं आयातशुल्क १५० वरून ४० टक्क्यांवर येणार, हे बरोबर. पण आधी ते ७५ होणार आणि ४० पर्यंत यायला दहा वर्षं लागणार.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. ज्या कलमावरून गदारोळ झाला, ते मुळापासून समजून घ्या. यावेळी ते होतं नॅशनल इन्शुरन्सचं, म्हणजे ब्रिटनमध्ये पेन्शनसारख्या लाभांसाठी भरावी लागणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी. समजा, पुण्यातल्या कंपनीने एका अभियंतीला दोन वर्षांसाठी लंडनला पाठवलं. तिचा भविष्यनिर्वाह निधी इकडे कापला जातोच. आधीच्या नियमात ब्रिटनमधली ही वर्गणी पहिले ५२ आठवडे माफ होती. मे २०२५ च्या घोषणेत ही माफी तीन वर्षांची ठरली. हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी याला दोन दर्जांची, म्हणजे काहींना एक आणि इतरांना दुसरा न्याय देणारी करपद्धत म्हटलं आणि तो सूर बातम्यांतही उमटला. अशी बातमी हाती आली की तीन गोष्टी तपासा. भारतात पाठवलेल्या ब्रिटिश कर्मचाऱ्यांनाही हीच सवलत आहे, हे लिहिलंय का? युरोपीय संघ, अमेरिका यांच्याशी ब्रिटनची अशीच व्यवस्था आधीपासून आहे, हे आलंय का? ती अभियंती तिथला प्राप्तिकर आणि आरोग्य अधिभार भरतेच, याचा उल्लेख आहे का? उलट, ब्रिटनच्या तिजोरीत किती खड्डा पडेल, हा टीकाकारांचा प्रश्न रास्तच होता. कराराचं कौतुक करणाऱ्या वृत्तपत्राने तो विचारलाय का, तेही बघा. हाच निकष आपल्या मराठी दैनिकांनाही लावा. विजयाच्या मथळ्याखाली ५२ आठवड्यांचा जुना नियम सांगितलेला दिसतो का?

कोण बोललंय, ते मोजायला वेळ लागत नाही. मंत्री किती, उद्योजक किती, शेतकरी किती आणि कामगार संघटना शेवटच्या परिच्छेदात आहे का?

शेवटी कात्रण जपून ठेवा आणि वर्षभराने काढा. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिटनचा ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार झाला, तेव्हा जॉर्ज युस्टिस पर्यावरणमंत्री होते, शेती त्यांच्याच खात्यात होती. मंत्रिपद गेल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्यांनीच संसदेत सांगितलं की तो करार ब्रिटनसाठी फारसा चांगला नव्हता. स्वाक्षरीच्या आठवड्यातली कोणतीही बातमी काढा आणि त्यात गोमांसासाठी जनावरं आणि मेंढ्या पाळणाऱ्या ब्रिटिश शेतकऱ्यांचं म्हणणं कितव्या परिच्छेदात आलंय, ते पेन्सिलीने मोजा.