जुन्या डेस्कटॉपची रॅम वाढवताना

आमच्या सोसायटीच्या कार्यालयातील संगणक जी४१ चिपसेटच्या (प्रोसेसर, रॅम वगैरेंचा मेळ घालणाऱ्या मुख्य चिपांच्या) मदरबोर्डवर चालतो. त्याच्यासाठी मी एकदा ४ जीबीची नवी डीडीआर३ (म्हणजे डीडीआर प्रकाराच्या तिसऱ्या पिढीची) रॅम आणली. खाच जुळली, पट्टी स्लॉटमध्ये नीट बसली, आणि बटण दाबल्यावर पडदा काळाच राहून नुसते बीप वाजू लागले. दुकानदाराने तीच रॅम आपल्या काउंटरवरच्या नव्या बोर्डात लावून दाखवली, तेव्हा ती उत्तम चालली. ‘रॅम ओके आहे साहेब, तुमचा बोर्ड गेलाय,’ असा निकाल त्याने देऊन टाकला. प्रत्यक्षात बोर्ड धड होता आणि रॅमही धड होती. त्या दोघांचे एकमेकांशी जमत नव्हते, इतकेच. दहा-पंधरा वर्षे जुन्या संगणकाची रॅम वाढवताना बहुतेक वेळा घोटाळा होतो तो येथेच, म्हणून खरेदीच्या आधीच्या तपासणीवर या लेखात अधिक भर दिला आहे.

सर्वप्रथम रॅमची खरोखर गरज आहे का, हे पाहावे. नेहमीची सगळी कामे एकाच वेळी उघडून ठेवावीत आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा पाहावा. तो ८५-९० टक्क्यांच्या वर रेंगाळत असेल, तर रॅम वाढवल्याचा फायदा नक्की जाणवेल. मेमरी निम्मी रिकामी आणि हार्ड डिस्क मात्र १०० टक्के व्यग्र, असे चित्र दिसले तर तेच पैसे एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान ड्राइव्हवर) खर्च करणे शहाणपणाचे ठरते. दुसरी गोष्ट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम ३२ बिटची आहे की ६४ बिटची. ३२ बिटच्या विंडोज ७ किंवा १० मध्ये ४ जीबीच्या वरची रॅम वापरली जात नाही, आणि त्या ४ जीबीतलाही काही पत्त्यांचा (मेमरीतील जागांच्या क्रमांकांचा) भाग ग्राफिक्स व इतर उपकरणांकडे जात असल्यामुळे हाती साधारण ३.२ ते ३.५ जीबीच उरते. अशा संगणकात ८ जीबी घालून ‘दुकानदाराने फसवले’ म्हणणाऱ्यांनी आधी ६४ बिटची आवृत्ती टाकायला हवी होती. विंडोज ७ होम बेसिक तर ६४ बिटची असली तरी ८ जीबीवर थांबते.

यानंतर मदरबोर्डाचे नाव शोधावे. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘मेनबोर्ड’ या पानावर बोर्डाची कंपनी, मॉडेल आणि चिपसेट दिसतो. ‘एसपीडी’ या पानावर प्रत्येक स्लॉटमधील पट्टीची क्षमता, वेग आणि बनवणारी कंपनी दिसते. संगणक सुरूच होत नसेल तर कॅबिनेट उघडून बोर्डावर, बहुधा स्लॉटच्या मधल्या मोकळ्या जागेत, ठळक अक्षरांत छापलेला क्रमांक वाचावा. त्या मॉडेलची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मिळाली, तर किती क्षमतेपर्यंत आणि किती वेगाची रॅम चालते हे त्यातच लिहिलेले असते. उदाहरणार्थ, २०११ मध्ये आलेला आणि आपल्याकडच्या असेंबल्ड संगणकांत भरपूर खपलेला एच६१ चिपसेट दोन स्लॉट आणि एकूण १६ जीबी डीडीआर३ इतकेच देतो, तर त्याच्या आधीचा जी४१ हा ८ जीबीवर थांबतो. जी४१ च्या काही बोर्डांवर डीडीआर२ आणि डीडीआर३ असे दोन्ही प्रकारचे स्लॉट शेजारी-शेजारी असतात. त्यांपैकी एका वेळी एकच प्रकार वापरायचा असतो.

डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असल्या, तरी खाचेची जागा वेगळी आहे आणि विजेचा दाबही वेगळा आहे: डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५ व्होल्ट. डीडीआर४ ला २८८ पिना असून ती १.२ व्होल्टवर चालते. थोडक्यात, एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. ती बसत नसेल तर जोर लावू नये. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल ही पट्टी मात्र १.५ व्होल्टवरही चालण्यासाठीच बनवलेली असल्यामुळे डीडीआर३ च्या बोर्डात सहसा बिनदिक्कत चालते.

आता पट्टीवरचे लेबल. समजा त्यावर ‘४जीबी २आरएक्स८ पीसी३-१०६००यू’ असे छापलेले आहे. पीसी३ म्हणजे डीडीआर३. १०६०० हा आकडा सेकंदाला किती मेगाबाइट माहिती जाऊ शकते ते सांगतो, म्हणजेच ही १३३३ वेगाची रॅम. १६०० वेगाच्या रॅमवर १२८०० असे लिहिलेले असते. वेगाबाबत फार चिंता करू नये. वेगवान पट्टी संथ बोर्डात बोर्डाच्या वेगाने चालते, आणि दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही संथ पट्टीच्या वेगाने चालतात.

शेवटचे अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावे. ‘यू’ असेल तर ती साध्या डेस्कटॉपची रॅम, ‘एस’ असेल तर लॅपटॉपची आणि ‘आर’ असेल तर सर्व्हरची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुनी रॅम शोधताना सर्व्हरमधून काढलेल्या ८ जीबीच्या पट्ट्या भुरळ पडावी इतक्या स्वस्त दिसू शकतात. त्या डेस्कटॉपच्या डीडीआर३ स्लॉटमध्ये बसतातही, परंतु साध्या बोर्डावर चालत नाहीत. लेबल फाटलेले असेल तर पट्टीच्या एका बाजूवरच्या मोठ्या चिपा मोजाव्यात: आठ असतील तर डेस्कटॉपची, नऊ असतील तर चूक तपासणाऱ्या सर्व्हर प्रकारातली.

लेबलावरील ‘२आरएक्स८’ या भागाकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि आमच्या कार्यालयातील भानगड नेमकी त्यातच दडलेली होती. जी४१ ला प्रत्येकी २ गिगाबिटपर्यंतच्या चिपा समजतात. ८ गिगाबिट म्हणजे १ जीबी, त्यामुळे अशा आठ चिपांची मिळून २ जीबी होते, म्हणून ४ जीबीची पट्टी चालण्यासाठी तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा हव्यात. लेबलावर त्याची खूण ‘२आरएक्स८’ अशी असते: ‘२आर’ म्हणजे चिपांचे दोन गट, आणि ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी आठ बिट देते. मी आणलेल्या नव्या पट्टीवर ४ गिगाबिटच्या आठच चिपा होत्या, अर्थात ती ‘१आरएक्स८’ होती. दुकानदाराच्या नव्या बोर्डाला ती चालली, आमच्या बोर्डाला तिची भाषाच कळेना. नंतर वापरलेली, सोळा चिपांची पट्टी कमी पैशांत मिळाली आणि पहिल्याच प्रयत्नात चालली. जुन्या बोर्डासाठी जुनी रॅम घेणे मला तेव्हापासून कमीपणाचे वाटत नाही. फक्त न चालल्यास परत घेण्याची बोली आधी करून घ्यावी. याउलट ‘एक्स४’ लिहिलेल्या किंवा ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त पट्ट्या इंटेलच्या बोर्डासाठी घेऊ नयेत.

शक्य असेल तर सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४ जीबीच्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण त्या जोडीने काम करतात, आणि ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही तेथे त्याचा फरक व्हिडिओ पाहतानाही कळू शकतो. चार स्लॉट असतील तर जोडी कोणत्या स्लॉटमध्ये लावायची हे पुस्तिकेत पाहावे. बऱ्याच बोर्डांवर जोडीच्या स्लॉटना एकच रंग दिलेला असतो, पण सर्वच कंपन्यांनी हा संकेत पाळलेला नाही.

बसवण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. संगणक बंद करून वीजपुरवठ्याची केबल मागून काढून टाकावी आणि मग सुरू करण्याचे बटण पाचएक सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवे ठेवून उघडावे. धूळ मऊ ब्रशने झाडावी. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नये, कारण थुंकीचे थेंब उडतात. आतील काही हाताळण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा, जेणेकरून अंगातील स्थिर वीज चिपांत न जाता तेथे उतरेल. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत ही काळजी अधिक घ्यावी.

स्लॉटच्या टोकांच्या क्लिपा बाहेरच्या बाजूला उघडाव्यात. काही बोर्डांवर एकाच टोकाला क्लिप असते, आणि काहींवर ग्राफिक्स कार्ड खालच्या क्लिपेला अडवते. तेव्हा कार्ड आधी काढावे, क्लिप वाकवू नये. पट्टी कडांना धरावी, सोनेरी पिनांना बोट लावू नये. तिची खाच स्लॉटमधील उंचवट्यावर आणून, पट्टी उभी ठेवून, दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा जोर द्यावा. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटते त्यापेक्षा जोर जास्त लागतो आणि बोर्ड किंचित दबतोही. ‘टक्’ असा आवाज होऊन क्लिपा आपोआप मिटल्या, म्हणजे पट्टी पूर्ण बसली. एक टोक बसले आणि दुसरे केसभर वर राहिले, तरी संगणक सुरू होत नाही.

संगणक सुरू होऊन लगेच बंद पडला आणि पुन्हा आपोआप सुरू झाला, तर घाबरू नये. काही बोर्ड नवी रॅम ओळखताना असे करतात. बीपच वाजत राहिले तर वीज काढून पट्टी पुन्हा बसवावी, मग एकेक पट्टी एकेका स्लॉटमध्ये लावून पाहावी. वापरलेल्या पट्टीच्या पिना काळवंडल्या असतील तर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, मात्र हे बोर्डापासून दूर करावे आणि रबराचा भुगा पूर्ण झाडूनच पट्टी परत लावावी. त्यानेही भागले नाही तर बोर्डावरील नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढून ठेवावा, म्हणजे बायोसची (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) जुनी मांडणी पुसली जाते. त्यानंतर घड्याळ पुन्हा लावावे लागते.

बायोसमध्ये पूर्ण ८ जीबी दिसते, विंडोजही ६४ बिटची आहे, तरीही वापरण्याजोगी मेमरी ३.२५ जीबीच दिसते, असे झाले तर बायोसमध्ये ‘मेमरी रिमॅप’ हा पर्याय बंद आहे का, ते पाहून तो सुरू करावा.

सर्व काही दिसू लागले, तरी कॅबिनेटचे झाकण लगेच लावू नये. मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करावा आणि चाचणी किमान एक पूर्ण फेरी, वापरलेली रॅम असेल तर रात्रभर, चालू द्यावी. त्यात एक जरी चूक लाल अक्षरांत दिसली, तरी पट्ट्या एकेक करून तपासून सदोष पट्टी परत करावी. ‘एकच तर चूक आहे’ म्हणून ती ठेवून घेतली, तर ती चूक पुढे एखाद्या हिशेबाच्या फाइलमध्ये उतरते आणि तिचे खापर विंडोजवर फुटते. चाचणी निर्दोष पार पडल्यावर मी झाकणाच्या आतल्या बाजूस बोर्डाचे मॉडेल, रॅमचा प्रकार, लेबलावरील ‘२आरएक्स८’ ही खूण आणि तारीख लिहिलेला कागद चिकटवतो, आणि काढलेली जुनी पट्टी पाकिटात घालून कॅबिनेटशेजारीच ठेवतो. पुढे कधी बीप वाजले तर तपासायला तीच कामी येते.