लांबच्या लोडवर झोप कशी सांभाळायची: नव्या ड्रायव्हर पोरांसाठी

भिवंडीहून नागपूरचा लोड घेतलास की आधी शेठशी वेळ बोल, भाडं नंतर. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने घालून दिलेली चौकट अशी होती: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, लांब पल्ल्याला फार तर १० आणि ५४. सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. ‘सकाळी माल पोचलाच पाहिजे’ म्हणणाऱ्याकडे दुसरा ड्रायव्हर माग. लायसन्स नसलेल्या क्लिनरच्या हाती स्टेअरिंग द्यायचं नाही, म्हणजे नाही.

समृद्धीवर जास्त जप. ७०१ किलोमीटर, मध्ये सिग्नल नाही, बाजारपेठ नाही. टायरचा एकसुरी आवाज ऐकत डोळा कधी लागतो कळत नाही. त्यापेक्षा कसारा घाट परवडला, तिथे हातपाय तरी चालू राहतात. पहाटे २ ते ५ गाडी उभीच ठेव.

जांभया येतायत, मागचा बोर्ड आठवत नाही, चाक पांढऱ्या पट्टीवर जातंय, यातलं एक जरी झालं तरी थांब. काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. तंबाखूनेही नाही, कोणी काही सांगो. कडेला नको, पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात गाडी लाव. कडक चहा घे आणि लगेच २० मिनिटं आडवा हो. चहा अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर तोंड धू, टायर ठोकत एक चक्कर मार, मग चावी फिरव.

आणि सर्दीची गोळी घेण्याआधी मेडिकलवाल्याला विचार. बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते.