सारंगखेड्याला घोडा दाखवण्यापूर्वी

दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जनावर दाखवायचे असेल, तर सजावटीचे सामान काढण्याआधी मोजपट्टी काढावी. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. घेराच्या वर्गाला लांबीने गुणून 11,880 ने भागले की किलोमध्ये अंदाजे वजन मिळते. घेर 165 आणि लांबी 150 असलेला घोडा सुमारे 344 किलोचा भरतो. स्वार आणि खोगिरासह सगळा भार या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा, म्हणजे 69 किलोपेक्षा, जास्त नसावा. अमेरिकेतील ओहायोमध्ये झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 25 व 30 टक्के भार वाहणाऱ्या घोड्यांचे स्नायू अधिक दुखावल्याचे दिसले होते. खोगीर दहा किलोचे असेल, तर ऐंशी किलोच्या मालकाने घोडा हाताने धरून चालवावा आणि स्वारी हलक्या अंगाच्या तरबेज माणसाकडे सोपवावी. यात मालकाचा मान कमी होत नाही. रोडावलेल्या किंवा वयाने कच्च्या घोड्यासाठी ही मर्यादा आणखी खाली आणावी.

काटेरी लगाम मात्र कोणत्याच घोड्याला घालू नये. ओढकाम व ओझे वाहणाऱ्या प्राण्यांविषयीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी स्वारीसाठीही काटेरी लगामाला मनाई केली आहे. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडात जाणारा भाग, टेकते, आणि तिथे हाडावर अगदी पातळ आवरण असते. मान ताठ वर, तोंड उघडे, शेपटीचे सारखे फटके, हे पाहून गर्दी ‘काय तेज आहे’ म्हणते. पुष्कळदा ती वेदनाच असते.

त्याऐवजी मधे सांधा असलेले गुळगुळीत कडियाळे वापरावे, पण हा बदल बाजाराच्या दिवशी करू नये. काही आठवडे आधी, बंदिस्त आवारात, सैल हाताने घोड्याला त्याची सवय लावावी. नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत. खोगीर मणक्यावर टेकू नये; ते उतरवल्यावर घामाने भिजलेल्या पाठीत कोरडे ठिपके दिसले, तर तिथे दाब पडतो आहे असे समजून गादी दुरुस्त करावी.

घेणाऱ्यानेही दात पाहताना जीभ, हिरडी आणि ओठांच्या कोपऱ्यांवरचे जुने व्रण तपासावेत, आणि काट्यांशिवाय न आवरणाऱ्या घोड्याची किंमत त्याच हिशेबाने करावी.