नागपूरहून मालवणला : पर्यटनाने बदलणाऱ्या किनाऱ्याचे छायाचित्रण कसे करावे

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला आणि मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यातील मच्छीमार कुटुंबांच्या उत्पन्नात हळूहळू पाहुण्यांचा पैसा येऊ लागला. हा बदल टिपायचा असेल, तर किनाऱ्यापेक्षा घराकडे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे. सकाळी मासळी विकणारी बाई दुपारी त्याच मासळीचे ताट पाहुण्यांपुढे वाढते, मागच्या पडवीची खोली होते आणि जाळे ठेवण्याची जागा बदलते. या गोष्टी एका घरात पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय दिसत नाहीत.

नागपूरकरांना मालवण सुमारे हजार किलोमीटर दूर असल्याने सराव जवळच करावा. ताडोब्याच्या वेशीवरील मोहर्लीत शेती, गाइडचे काम आणि रिसॉर्टमधील नोकरी एकाच घरात कशी नांदते, हे आधी टिपून पाहिले की मालवणात कोणते प्रश्न विचारायचे ते कळते.

किनाऱ्यावर सर्वाधिक वेळ रापणीला, म्हणजे वाळूवरून जाळे ओढून केल्या जाणाऱ्या मासेमारीला द्यावा. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकतात, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणतात आणि ओढणाऱ्यांचे दोन गट हळूहळू एकमेकांकडे सरकतात. ओढणाऱ्यांची तोंडे समुद्राकडे असतात आणि सकाळचा सूर्य त्यांच्या पाठीमागून, जमिनीकडून येतो. त्यामुळे पाण्यात उतरून समोरून छायाचित्र घेतले, तर चेहरे काळवंडतात. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतके वाढवावे किंवा दोराच्या बाजूला उभे राहून ताणलेले दंड आणि वाळूत रुतलेल्या टाचा घ्याव्यात. दोर ओलांडू नये, आणि जाळे काठाला लागताना मध्ये तर मुळीच येऊ नये. ३५ मिमीची एक लेन्स पुरते. खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलणे टाळावे आणि रात्री कॅमेरा किंचित ओलसर कापडाने पुसून वाळवावा. मासळीची वाटणीही टिपावी, कारण रापण ही सामूहिक मासेमारी आहे आणि कोणाला किती वाटा मिळतो यातच तिचे खरे स्वरूप कळते. वाट्यासाठी थांबलेल्यांपैकी कोण आता पर्यटकांची होडी चालवतो, हे विचारून वहीत लिहावे.

मात्र रिकाम्या जाळ्याच्या प्रत्येक छायाचित्राखाली ‘पर्यटनाचा परिणाम’ अशी ओळ लिहू नये. माशांचा अख्खा थवा मोठ्या जाळ्याने वेढून पकडणाऱ्या पर्ससीन मासेमारीशी पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष जुना आहे आणि राज्याने २०१६ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले. ओळीत तारीख, जागा, चाललेले काम आणि त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेले कारण एवढेच यावे.

परवानगी कॅमेरा बाहेर काढण्यापूर्वी घ्यावी आणि छायाचित्र कोठे दाखवणार तेही सांगावे. घरातील मुलांसाठी पालकांना विचारावे.

हंगामात केलेले काम अर्धेच असते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात जलक्रीडाही थांबतात; त्या दिवसांत झापांखाली (विणलेल्या झावळ्यांखाली) ठेवलेल्या होड्या, जाळ्यांची दुरुस्ती आणि रिकाम्या खोल्या त्याच घरी, शक्यतो त्याच कोनातून टिपाव्यात. जाताना आधीच्या छायाचित्रांच्या छापील प्रती सोबत न्याव्यात. त्या पाहताना घरातली माणसे आपसांत जे बोलतात, ते परवानगीने नोंदवून ठेवावे. पुढची कोणती चौकट घ्यायची, हे बहुधा त्यातूनच कळते.