सोलापूरला दोन दिवस जाताय? आधी तिथी बघा

ग्रुपवर तारीख पडली की लोक आधी रजा बघतात, मग रिझर्व्हेशन, मग हॉटेलचे फोटो. सोलापूरला जायचं असेल तर हा क्रम उलटा करा. आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा, त्या शनिवार-रविवारच्या चौकोनात बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा, मग बाकीचं बोला. मी वाचलं नव्हतं. इंजिनिअरिंगची चार वर्षं याच गावात काढलेला माणूस, म्हणून सगळे माझ्यावर विसंबून होते. "सोलापूर ना? मी बघतो सगळं," असं मीच टाकलं होतं ग्रुपवर.

तारीख निघाली 5 आणि 6 जुलै 2025. पाच जण, बऱ्याच वर्षांनी एकत्र. पाचवा गडी हैदराबादहून रविवारी दुपारी पोचणार होता, म्हणून खरी पिण्याची बैठक रविवारी रात्री, सोमवारी रजा. प्लॅन मला इतका चोख वाटला की शनिवारसाठी रूमही बुक केली नाही. सोलापुरात कशाला लागतंय बुकिंग!

रविवार 6 जुलै म्हणजे आषाढी एकादशी.

पंढरपूर सोलापूरपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. स्टेशनजवळच्या पहिल्या तीन लॉजवर "फुल्ल" एवढंच उत्तर मिळालं. चौथ्या ठिकाणी जिन्याच्या कठड्यावर धोतरं वाळत होती, कोपऱ्यात टाळ आणि पताका उभ्या. मॅनेजरने रजिस्टरवरून मान वर केली आणि म्हणाला, "उद्या आषाढी हाय की ओ. कॅलेंडर बघून येत नाहीत व्हय?" त्याच्या डोक्यामागेच कॅलेंडर लटकत होतं, लाल आकड्यासकट. शेवटी तळमजल्यावरची, भटारखान्याच्या पंख्याला लागून असलेली एक खोली मिळाली. तिच्यात चौघे, दुसऱ्या दिवशी पाच.

आणि रविवारी संध्याकाळी वाईन शॉपचं शटर अर्धं खाली. आत एक पोरगा झाडू मारत होता. आम्हाला बघून त्याने बोलायचेही कष्ट घेतले नाहीत, झाडूच्या दांड्यानेच शटरवरचा कागद दाखवला. ड्राय डे. त्यात त्याच रविवारी मोहरम, म्हणजे वेशीकडे रस्त्यावर गर्दी. हैदराबादहून आलेला गडी बॅग खांद्यावर घेऊन विचारतोय, "अरे, मग आपण आलोय कशाला?" रात्री आम्ही पाच जणांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

सगळ्यात झोंबणारी गोष्ट म्हणजे दाते पंचांग निघतं ते सोलापुरातूनच. अख्खा महाराष्ट्र ज्या गावाचं पंचांग बघून मुहूर्त काढतो, त्या गावाला मी पंचांग न बघता गेलो.

तर तिथी. आषाढी आणि कार्तिकी या दोन्ही एकादश्यांना राज्यभर दारूबंदी असते. शिवाय 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि अनंत चतुर्दशी. निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे 48 तास. मोठ्या मिरवणुकांच्या दिवशी जिल्हाधिकारी वेगळा आदेश काढतात, आणि सोलापुरात मिरवणुका कमी नाहीत. तो आदेश कॅलेंडरात सापडणार नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारा. 2026 ची आषाढी 25 जुलैला आहे. शनिवार. पुन्हा सांगतो, शनिवार. नंतर मला फोन करू नका.

ड्राय डे नसला तरी तिथी बघायचीच, कारण खोल्या. सोलापूर हे मधलं ठाणं आहे. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पलीकडे पंढरपूर, आणि कर्नाटकात उतरलं की गाणगापूर. चारही ठिकाणची माणसं मुक्कामाला इथे येतात. पौर्णिमा आली की लॉज भरतात, गुरुपौर्णिमेला आणि स्वामींच्या प्रकटदिनाला तर विचारूच नका. कोजागिरीला सोलापूरचे लोक रात्रभर तुळजापूरला चालत जातात, तेव्हा तो रस्ताच वाहनांना बंद करतात. तुम्ही त्या बाजूने गाडी घेऊन येत असाल तर बसा वळसे घालत.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा. गावात तिला गड्डा म्हणतात. सात नंदीध्वज, 68 लिंगांना तैलाभिषेक, मग अक्षता, होम मैदानावर पाळणे आणि खेळण्यांची दुकानं. यात्रा बघायलाच जात असाल तर दोन महिने आधी रूम घ्या आणि जरूर जा, त्यासारखं दुसरं काही नाही. पण बैठकीसाठी तो आठवडा धरू नका. यात्रेत शोभेचं दारूकाम असतं, ते बघून येणारे आणि नुसता शब्द ऐकून येणारे, दोघांनाही त्या रात्री रिक्षा मिळत नाही.

आता रूम. स्टेशनच्या समोर आणि रेल्वे लाईन्सच्या बाजूला साधी लॉज आहेत. रात्री उशिरा उतरणाऱ्याला ती बरी, कारण मुंबईची वंदे भारत सोलापूरला साडेदहानंतर टेकते आणि पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हुतात्माही रात्रीच पोचते. जरा ऐसपैस हवं असेल तर सात रस्ता आणि होटगी रोड. आसरा चौकाकडे बालाजी सरोवर आहे, बायकापोरं बरोबर असतील तर तसल्या ठिकाणी जा, पैसे जातात पण कटकट नाही. एसटी स्टँडजवळ राहू नका असं मी म्हणणार नाही, पण खोली मागच्या बाजूची मागा. जयंतीचा दिवस असेल तर पुढच्या बाजूच्या खोलीत डीजेने खिडकीची तावदानं थरथरतात. जयंती आहे का हे कुठे कळतं? कॅलेंडरात.

फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या. एक, पाणी. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीहून पाइपलाइनने पाणी आणायचं आणि ते सगळ्या गावाला वाटायचं, हे दुखणं जुनं आहे. बऱ्या हॉटेलांकडे टाकी असते, टँकर असतो. स्वस्तातल्या लॉजवर सकाळी नऊला बादली अर्धीच भरते. दुसरं, खोलीत बसून प्यायला चालतं का. काही ठिकाणी साफ मनाई असते, विशेषतः यात्रेकरूंचा राबता असलेल्या लॉजवर. ते त्यांचं बरोबरच आहे. शेजारच्या खोलीत कुणी पहाटे चारला उठून अंघोळ करून अक्कलकोटला निघणार असतो, त्याच्या भिंतीला तुमचा हशा नको. एप्रिल-मे असेल तर एसी. पारा 43 च्या वर जातो, पंखा फक्त गरम हवा फिरवतो.

प्यायचं कुठे. परमिट रूम. इथे मी जरा रागाने लिहितोय, कारण त्या रविवारी आमच्यातल्या एकाने अक्कल चालवली, "हायवेवर ढाब्यावर मिळेल." मिळालंही असतं कदाचित. पण ज्या ढाब्याला परवाना नाही तिथे दारू पाजणाऱ्यावर दारूबंदी कायद्याच्या कलम 68 खाली आणि पिणाऱ्यावर कलम 84 खाली गुन्हा दाखल होतो. सोलापूर जिल्ह्यात एक्साइजवाले ढाब्यांवर धाडी टाकतात, मालकाबरोबर टेबलावर बसलेल्यांनाही कोर्टात उभं करतात. ड्राय डेला त्यांचं लक्ष जास्तच असतं. शिवाय ढाब्यावर जाणं म्हणजे परत येताना कुणीतरी गाडी चालवणं, रात्रीचा हायवे, उसाच्या ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही. नको. परमिट रूम निवडताना एकच बघा, लॉजपासून चालत येता येईल अशी.

परमिट रूम हे नाव उगाच नाही. आपल्याकडे कायद्याने प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा विदेशी दारूचा 5 रुपयांना, देशीचा 2 रुपयांना, वर्षाचा 100 आणि जन्मभराचा 1000. हजार रुपयांचा काढून टाका आणि पाकिटात ठेवा, बाटली घेऊन लॉजवर जाताना कुणी अडवलं तर दाखवायला काहीतरी असतं. वय 25 पूर्ण हवं, सौम्य बिअर आणि वाइनला 21. कॉलेजातल्या भाच्याला बरोबर घेऊन जाणार असाल तर त्याला लिंबू सोडा पाजा. आणि परमिट जन्मभराचा असला तरी एकादशीला चालत नाही. हेही मी तिथे उभं राहून विचारलेलं आहे.

चखण्याच्या बाबतीत मात्र सोलापूरचा हात धरणारं गाव नाही, इथे घाई करू नका. बारमधल्या मसाला पापडावर पैसे घालवण्यापेक्षा दुपारी बाजारातून कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन ठेवा. ज्वारीची कडक भाकरी कागदासारखी पातळ असते, भाजून वाळवलेली, हातात धरून मोडली की काचेसारखी तडकते. चटणी नुसत्या कुटाची नको. भाजलेले शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ असं सगळं उखळात कुटत राहतात, इतकं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणीचा ओलसर लालभडक गोळा होतो. बोटात दाबली की पाकळीसारखी थापली जाते. दुकानात मागताना थोडी तळहातावर घेऊन बघा, बोटाला तेल लागलं तर घ्या, भुरभुर उडाली तर पुढच्या दुकानात जा. भाकरीच्या तुकड्यावर चटणी, त्यावर दही किंवा बारीक कांदा. चार वर्षं हॉस्टेलच्या खोलीत मी यावर जगलोय. ज्वारी मंगळवेढ्याकडची असेल तर आणखी बरं, तिला भौगोलिक मानांकन मिळालंय ते काही फुकट नाही.

मटण खाणार असाल तर सावजी खानावळ. तिखट कमी करा म्हणून सांगू नका, वाढणारा नुसता हसतो. श्रावणात जाऊ नका, अर्धी मंडळी सोडून बसलेली असतात. श्रावण कधी लागतो ते कुठे बघायचं, आता सांगायला नको.

आमच्यातले दोघे पीत नाहीत. त्यांच्यासाठी पार्क चौकातली चौपाटी, डिस्को भजी, आणि हंगामात डाळिंबाचा रस. डाळिंबाचा जिल्हाच आहे हा, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच, केगावला. डिसेंबर ते फेब्रुवारी गेलात तर शेतावर हुरडा. हुरड्याला सकाळी लवकर जा, दुपारी कणसं कडक लागतात.

रविवारी सकाळी तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर आणि शेजारचा भुईकोट. लवकर उठलात तर दोन तासांत होतं, लॉजवर लोळत राहिलात तर उन्हात. ज्याला वेळ आहे त्याने डॉ. कोटणीस स्मारक बघावं. बाकी तुमचं तुम्ही.

चादरी. घ्या. टॉवेल पण घ्या, आई विचारते.

परतीला हुतात्मा सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुटते, चार तासांत पुणे. नाव कुणाचं ते एकदा आठवा: धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा, सोलापूरच्या या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. गाडीने येणार असाल तर पुणे अडीचशे किलोमीटर, आणि आदल्या रात्री प्यायलेल्याने सकाळी स्टिअरिंगवर बसू नये. सुटे पैसे, चार्जर, गोळ्या वगैरे तुम्हाला कळतं.

यंदा पुन्हा निघतोय, हुरड्याला. 26 जानेवारी 2026 सोमवारी आलीय, जोडून तीन दिवस सुट्टी म्हणून ग्रुपवर सगळे नाचतायत. मी लिहिलंय की शनिवार-रविवार चालेल, पण सोमवार कोरडा आहे, तेव्हा सोमवारी सकाळी निघायचं. हैदराबादचा गडी म्हणतो, तू पाठवलेलं मला चालणार नाही, पंचांगाच्या पानाचा फोटो टाक.